तिसरं मुसळ

लालबाग
४ ऑक्टोबर १९९७

आयव्ही,

आधी हिशेब, मग खुशाली. आपल्या ‘उखळ’च्या खेळाची खरी किंमत काय पडली, असं परवा एका जर्मन बाईने मला विचारलं. ती बर्लिनला कलादालन चालवते, तिला सगळं नोंदवून ठेवायचं असतं. मी तिला टीव्ही न् वायरी सांगून वाटेला लावलं. तुला खरं सांगतो. कॅमेरा आणि दोन रेकॉर्डर, त्यांच्या बदल्यात बोटीवरच्या आग्नेलोने माझ्या बापाची होडी नेली. माझ्या डाव्या हाताची तीन बोटं. माझ्या आईचं माझ्याशी बोलणं. ते तिच्या शेवटच्या आजारात परत आलं, तेही पाणी मागण्यापुरतं. आणि तू. पुढचे दोन दातही गेलेत, पण ते दादरच्या दुसऱ्या खेळात गेले, ते इथे धरत नाही. धंदेवाला माणूस आहे मी, एका खात्यातलं दुसऱ्यात घालत नाही.

तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. म्हणजे तिने दिला नाही. माझगावच्या पोस्टात ती खिडकीवरच्या माणसाकडून बहारिनचा पत्ता वाचून घेत होती आणि दोन माणसं सोडून मी मागे उभा होतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. गिरणीच्या साचेखात्यात कापडाचे शेकडो साचे एकदम खडखडत असायचे, माणूस माणसाच्या कानात ओरडून बोलायचा, आणि मी पाठमोरा उभा राहून सांगायचो की तिसऱ्या लायनीत कुणाचा तरी धोटा अडकणार. खात्याचा मुकादम, जॉबर, धावत जायचा, धोटा अडकलेला असायचा. चालू साच्यात हात घालून तुटलेला धागा धरायचो मी, बघून नाही, ऐकून. अख्ख्या खात्यात कानावर हात सोपवणारा मी एकटा. ते कान अजून तसेच आहेत.

आता कामाचं. संप फिसकटला, गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, आणि जानेवारीत शेडही पाडणार आहेत. त्याआधी वीस डिसेंबरला एक दिवस शेड मला मिळाली आहे. त्याच खात्यात, मी जिथे उभा राहायचो तिथेच, ‘उखळ’ पुन्हा करायचं. जर्मन बाई येणार आहे, तिच्याबरोबर आणखी लोक. माझ्या आईच्या जागी शेवंताला घेतलंय. तुझी मानलेली बहीण ती, विसरली नसशील. तुझी आई मुसळ धरेल की नाही, विचारायचं धाडस झालेलं नाही.

तिसरं मुसळ तुझं. दुसऱ्या कुणाच्या मुसळाखाली मी हात घालणार नाही. तू ये.

केबलचा धंदा बरा चाललाय. लालबागमधल्या प्रत्येक चाळीत माझी वायर जाते. तिकिटाची काळजी करू नकोस.

जगन

लालबाग
१९ ऑक्टोबर

आयव्ही,

उत्तर नाही. ठीक. तुला राग आहे की भीती, हे मला कळत नाही. भीती असेल तर ती काढून टाकायला लिहितो. मी दर वेळी, दर देशात जे सांगतो तेच सांगतो. कुठे चुकलो तर दुरुस्त कर.

तुमच्या वाडीत उन्हाळ्यात बाटल्यांत भरून वर्षभर ठेवायचा मसाला कांडायला बसायचे, तेव्हा मी भिंतीवर बसून ऐकत असे. तीन बायका, एक उखळ. पहिलं मुसळ तुझ्या आईचं, दुसरं माझ्या आईचं, तिसरं तुझं. धप्प, धप्प, धप्प, आणि चौथी जागा मोकळी. त्या चौथ्या जागेत कुणीतरी हात घालून खालचा मसाला वर आणायचा आणि हात काढायचा. कुणी आकडे मोजत नव्हतं. बायका बोलत असायच्या, कुणाच्या सुनेला शिव्या घालत असायच्या, आणि मधे तो हात आत-बाहेर जात असायचा. मला वाटलं, अरे, हा तर साचा आहे. आणि हे बघायला माणसं तिकीट काढतील.

मग आग्नेलोची यंत्रं. तो बोटीवरून काय काय उतरवायचा. दोन रेकॉर्डर शेजारी ठेवले, एकच टेप पहिल्यातून दुसऱ्यात ओढली. पहिला लिहितो, दुसरा वाचतो. दोघांमधलं अंतर पार करायला टेपला वेळ लागतो, तेवढा उशीर. इथे मुसळ पडतं आणि टीव्हीवर ते श्वासभराने पडतं, आवाजासकट. उखळाभोवती असे चार टीव्ही. माणूस जे करतो ते त्याच्याच मागून त्याच्यावर येतं. गिरगावातल्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत शिवाजी पार्कचं एक म्हातारं जोडपं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी ती बाई मला विचारते, “अहो, हे नाटक आहे की प्रात्यक्षिक?” मी म्हटलं, “बाई, मसाला आहे. जाताना घेऊन जा.” तू हसली होतीस. तू हसलेलं मला आठवतं तेवढं शेवटचं.

मग ते झालं. तुझं तिसरं मुसळ त्याच्या जागी पडलं नाही. पण टीव्हीवरचं आधीचं मुसळ नेमकं तेव्हा पडलं, त्याचा आवाज मी ऐकला, आणि चौथी जागा आली समजून मी हात घातला. तुझं मुसळ तिथे आलं. तीन बोटं मिरची न् धण्यांत मिसळली. जखमेतली मिरची काय असते ते मी सांगत नाही, जर्मन लोकांनाही सांगत नाही. मी ओरडलो. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अख्खा हॉल. म्हातारा उभा राहून वाजवत होता. माझी आई लुगड्याने माझा हात बांधत होती आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

तर सांगायचं ते हे, की तू केलं नाहीस. यंत्राने केलं. तुझ्या कानाला फसवलं, माझ्या कानालाही फसवलं, आणि माझ्या कानाला फसवणारं यंत्र जगात तेवढं एकच आहे. मी बर्लिनमध्ये हे सांगितलं तेव्हा लोकांनी वह्या काढल्या. हाच तर खेळ आहे, आयव्ही. यंत्र माणसाचा ठोका चोरतं.

दादरच्या खेळाचं विचारशील. स्टेशनबाहेर फुलबाजारात मी गळ्यात टीव्ही बांधून उभा राहिलो. टीव्हीवर माझंच तोंड, हातात दांडकं. येणाऱ्याजाणाऱ्याला दांडकं द्यायचं आणि म्हणायचं, मारा. एकाने विचारलं, “खरंच मारू?” म्हटलं, “मारा.” म्हणाला, “फुकट?” म्हटलं, “फुकट.” त्याने टीव्हीला मारलं नाही, वरती मारलं. दोन दात. पोलीस आले तेव्हा तो त्यांना सांगत होता, “साहेब, त्यानेच सांगितलं, विचारा त्याला.” खरंच होतं ते. मी त्याच्या बाजूने साक्ष दिली.

शेवंता विचारते, आयव्ही येतेय का. मी हो म्हणून बसलोय.

जगन

लालबाग
३० ऑक्टोबर

आयव्ही,

तुझं पत्र मिळालं. सात वर्षं मी तुझ्या अक्षराची वाट बघितली, नंतर बघणं सोडलं होतं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. ‘ती टेप अजून आहे का?’

तू विचारतेस म्हणजे तुला कळलेलं आहे की आहे.

जाळली असं मी म्हणालो होतो. बोलण्यात माणूस म्हणतो. तू उखळाला बसायला तयार नव्हतीस, तुझी आई तयार नव्हती, आणि ती टेप जळाली म्हटल्याशिवाय तुमच्या घरात माझ्यापुढे चहा येत नव्हता. मी म्हटलं जाळली, चहा आला.

लिओनार्डबद्दल आपण कधी धड बोललो नाही. तुझा भाऊ माझ्यासाठी परका नव्हता. मी साचेवाला, तो फिटर, एका डब्यात जेवलो आहोत. माझ्या आईची सुकट तो खायचा आणि तुझ्या आईचा मसाला माझ्या घरी यायचा. संपात पासष्ट गिरण्या एकदम बंद पडल्या तेव्हा तोही बाहेर आला. आठ महिने राहिला. मग तुमच्या घरात काही उरलं नाही आणि तो पोलिसांच्या गाडीतून आत कामाला जायला लागला. मी त्याला म्हटलं होतं, लिओ, जाऊ नकोस, पाळी सुटताना गाडी नसते. तो म्हणाला, “तू शूटिंग कर रे बाबा, मी घरात दूध आणतो.”

मी त्या दिवशी भोईवाड्यात मोर्च्याचं शूटिंग करत होतो. मोर्चा आलाच नाही. तो आला, सायकलवरून. गल्लीतून सहा जण निघाले. आपलेच. त्यातला एक आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहायचा, अजून राहतो, मीच त्याला केबल देतो. हातात साच्याची लाकडं होती, धोट्याला ढकलणारी, चिवट, मोडत नाहीत. सायकल आधी पडली. पाठीवर बसलं की एक आवाज येतो, मांडीवर दुसरा. मग एक वेगळा आला, ओला न् कोरडा दोन्ही. मी बघायच्या आधी मला कळलं की जबडा गेला. एक जण सारखं म्हणत होता, “जा आता कामाला, जा ना, जा ना.” समजावत असल्यासारखं. तो पडलेला होता आणि ते थांबत नव्हते. लाकूड उचललं की त्याच्यावरून थेंब उडायचे, ते भिंतीवर पडलेले टेपवर दिसतात.

त्याने मला बघितलं. माझ्याकडे हात केला.

रेकॉर्डर खांद्याला होता, जड होता. टेप संपेपर्यंत मी तिथे होतो, एवढंच सांगतो.

पुढचं दीड वर्ष, तो जाईपर्यंत, तू त्याला नळीने पेज पाजलीस, ते मला माहीत आहे. मी दारात आलो की तो भिंतीकडे तोंड करायचा, हेही.

तू आता विचारशील, मग गिरगावात ती टेप टीव्हीवर लावलीच का. आग्नेलोला मी खूण केली, त्याने बटण फिरवलं, चारही टीव्हींवर भोईवाडा आला, फक्त चित्र, आवाज मागून येणाऱ्या मुसळांचाच. मी तुला आधी सांगितलं असतं तर तू बसली असतीस का? मला वाटलं, मुसळ आणि ती लाकडं एका ठोक्यात पडतील तेव्हा लोकांना कळेल काय झालं होतं ते. संप काय होता ते. कुणाला कळत नव्हतं, आयव्ही. पेपरात चार ओळी आल्या होत्या.

तेवढ्यात यंत्राने तुझा ठोका चोरला. पुढे त्याचंच नाव झालं, टेपचं कुणी विचारलं नाही.

तुझं येणं अजून धरून चाललोय.

जगन

लालबाग
३ नोव्हेंबर

आयव्ही,

काल मेलेल्यांचा दिवस. मी माझगावला कबरस्तानात गेलो. गेली काही वर्षं जातो, लांब उभा राहतो. काल तुझ्या आईने हाक मारली. “काय रं जगन, झाडामागं काय लपतंस? मेनबत्ती धर.”

मी मेणबत्त्या धरल्या. तिने लिओनार्डची फरशी धुतली, झेंडूच्या पाकळ्यांनी क्रूस काढला. गुडघे दुखतात तिचे, पण मला हात लावू दिला नाही. लावण्यासारखा हात तरी एकच आहे माझा.

मी धाडस करून विचारलं, वीस डिसेंबरला मुसळ धराल का. ती म्हणाली, “मी तर धरीन. मना कसला भेव? मेलेल्यांना मसाला लागत नाय, जित्यांना लागते. पोर येते का ते बघ.”

मी म्हटलं, “ती स्वतःला दोष देते, आंटी. तिला सांगा, तिचा दोष नव्हता. टीव्हीच्या आवाजाने तिचा ठोका चुकला.”

तिने माझ्याकडे बघितलं. “कंचा आवाज?”

“टीव्हीचा. मागून येणारा.”

“त्यो तर मी बंद केलेला.”

मला वाटलं ती दुसऱ्या कुठल्या दिवसाचं बोलते. म्हातारी झाली आहे. पण ती पाकळ्या लावत, मान वर न करता सांगत गेली. आदल्या दिवशी तालमीत त्या मागच्या आवाजाने तिचं मुसळ अडखळलं होतं. उखळात हात असताना दुसरा ठोका ऐकू येता कामा नये, हे तिच्या आईपासून ठरलेलं आहे. वाडीत मसाला कांडत असले की शेजारची बाई कपडे आपटायची थांबते. म्हणून खेळाच्या दिवशी लोक खुर्च्यांवर बसत होते तेव्हा ती चार टीव्हींजवळून फिरली आणि आवाजाचं बटण चौघांचंही पार उलटं फिरवून आली. “तुझाच हात व्हता ना आत,” म्हणाली. “तुझ्या आयशीला मी सांगलेला. ती म्हनाली, बरा केलास.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू तर त्या आग्नेलोला खुना करत व्हतास. तुना कोन काय सांगनार?”

मी म्हटलं, आंटी, मी ऐकला तो आवाज. मी आजही ऐकतो. तिने माझा डावा हात उलटा करून बघितला, बाजारात मासा बघतात तसा. मग म्हणाली, “बरा झालाय,” आणि उरलेल्या पाकळ्या माझ्या त्या हातावर ठेवल्या, की जा, आपल्या आईलाही घाल.

माझी आई अग्नीत गेली, तिची कबर कुठली. पाकळ्या मी माझगावच्या धक्क्यावर पाण्यात टाकल्या, जिथे बापाची होडी लागायची.

तुला हे लगेच लिहिलं, कारण मला वाटतं तिची चूक होत असेल. त्या दिवशीची मूळ टेप, आग्नेलोच्या दुसऱ्या कॅमेऱ्याने घेतलेली, माळ्यावर आहे. बर्लिनला जी दाखवतो ती नंतर तयार केलेली. तीत आवाज नीट यावा म्हणून मी स्टुडिओत बसून मुसळाचे आवाज नव्याने बसवले होते. मूळ टेप मी हात बरा झाल्यावर एकदा सुरू केली होती, माझ्या ओरडण्यापर्यंत जायच्या आधी बंद केली. ती चालवणारं यंत्र आता फक्त आग्नेलोकडे आहे. बघतो.

जगन

लालबाग
१७ नोव्हेंबर

आयव्ही,

आग्नेलोकडे जाऊन आलो. त्याला यंत्र सुरू करायला आठवडा लागला. पट्टा तुटलेला, त्याने सायकलच्या ट्यूबचा कापून घातला. तो म्हणाला, “जग्या, कशाला उकरतोस? गाजलंय ना काम?” मी म्हटलं, लाव.

आधी टेपचं सांगतो, कारण तू तेवढंच विचारलं होतंस. भोईवाड्याची टेप या पत्राबरोबर पुडक्यात आहे. नक्कल नाही. माझ्या बोलण्यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून पुडकं तुझ्या आईसमोर बांधलं, गाठी तिनेच मारल्या. बहारिनमध्ये ती लावायला यंत्र मिळणार नाही. जाळायला यंत्र लागत नाही.

जर्मन बाईला काल फोन केला. सांगितलं की वीस तारखेला टीव्ही नसतील. तिला वाटलं वीज मिळत नाही, तिने जनरेटरची तयारी दाखवली. म्हटलं, वीज आहे, टीव्ही नकोत. उखळ, तीन मुसळं, मसाला. ती म्हणाली, “मग यात व्हिडिओ कुठे आहे?” मी म्हटलं, कुठेच नाही. तिने विचार करून कळवते म्हणून फोन ठेवला. कळवणार नाही. इतक्या वर्षांनी लोकांच्या फोन ठेवण्यातला आवाज मला समजतो, असं लिहिणार होतो, आता लिहीत नाही.

खेळ होणारच. बघायला चाळीतले येतील. वरच्या मजल्यावरचा तो पण येणार आहे, मीच बोलावलाय, पहिल्या रांगेत बसवणार आहे. तू आलीस तर तुझं मुसळ धुऊन, तेल लावून ठेवलं आहे. तिसऱ्या जागी मार किंवा चौथ्या. मी या खेपेला उजवा हात घालणार आहे. तू नाही आलीस तर तिसरी जागा रिकामी जाऊ देऊ, दोनच मुसळं पडतील, आणि मी हात घालीन की नाही ते मला माहीत नाही.

आता त्या मूळ टेपवर काय आहे ते.

तुझ्या आईचं मुसळ पडतं, माझ्या आईचं पडतं, तुझं पडतं, माझा हात आत जातो, बाहेर येतो. बराच वेळ असंच. मग टीव्हींवर भोईवाडा येतो. तू मान वर करतेस. लिओनार्डचा हात चारही काचांवर आहे, कॅमेऱ्याकडे केलेला. तुझ्या आईची त्यांच्याकडे पाठ आहे, माझ्या आईची मान खाली. तुझ्या आईचं मुसळ पडतं. माझ्या आईचं पडतं. तुझं वरती आहे, दोन्ही हातांत, आणि तसंच राहतं. तिसरी जागा येते आणि जाते. त्या जागेत काही म्हणजे काही नाही, फक्त तुझा श्वास, नाकातून सोडलेला. मी उखळाकडे बघत नाहीये. मी लोकांकडे बघतोय, त्यांच्या तोंडावर काय उमटतं ते. त्यांच्याकडे बघत बघतच मी हात घालतो. तू टीव्हीकडे बघत नाहीस आता. तू माझ्या हाताकडे बघतेस, नीट, आणि मग मुसळ येतं.

आग्नेलोने टेप तीनदा मागे नेली. मी कान यंत्राला लावून ऐकलं. खुर्ची करकरते, कुणीतरी मिरचीने खोकतं, खालून टॅक्सी जाते. टीव्हीचा आवाज कुठेच नाही. चारही मुके होते, सुरुवातीपासून, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

जगन